गल्लीचा सल्ला पालिकेच्या कागदावर कसा आणायचा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळी वाहिनीची एक लोखंडी जाळी आहे. दर पावसाळ्यात जाळीच्या शेजारी घोट्याएवढं पाणी साचायचं आणि जाळी मात्र कोरडी. तीन वर्षं आम्ही तक्रार नोंदवत होतो. दर वेळी दोन माणसं यायची, जाळीतला कचरा काढायची, फोटो घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा निरोप यायचा. चौथ्या वर्षी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याला चहा पाजून त्याची लेव्हलची नळी, म्हणजे पाणी भरून दोन जागांची उंची ताडायची लांब नळी, मागून आणली. एक टोक जाळीवर धरलं, दुसरं साचणाऱ्या पाण्याच्या जागी. जाळी पाच सेंटीमीटर वर होती! फुटपाथ नव्याने करताना कुणीतरी ती उंच बसवली होती. मग ती रोज धुतली तरी पाणी वर कसं चढणार?

तेव्हा लक्षात आलं की आपण सफाईची तक्रार करत होतो आणि हवं होतं बांधकामाचं काम. तक्रारीला सफाई कामगार पुरतो. कामाला एस्टिमेट लागतं, अंदाजपत्रकात तरतूद लागते, मंजुरी लागते. ही मंजुरी जिथे मिळते तिथपर्यंत गल्लीतल्या माणसांचं म्हणणं पोचवण्यासाठी कायद्याने आणि प्रथेने काही जागा करून ठेवल्या आहेत. त्या वापरायच्या कशा, ते माझ्या गेल्या काही वर्षांच्या खटपटीवरून सांगते.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा

नावांचा गोंधळ फार आहे, त्यामुळे इथे थोडा वेळ द्या.

प्रभाग समिती ही कायद्याने आलेली. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात त्यांचं कलम २९ अ आहे. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, पण त्यातही अशीच सोय आहे. समितीत त्या भागातले नगरसेवक, भागाचा प्रमुख अधिकारी आणि तिथे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधून घेतलेले जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. हे तीन जण त्याच भागाचे मतदार असावे लागतात. अध्यक्ष नगरसेवकांमधून, दर वर्षी नव्याने निवडायचा. समितीची कामं तीन: पाणी, ड्रेनेज, सफाई, पावसाळी पाणी यांसारख्या तक्रारी लवकर मार्गी लावणं, आपल्या भागाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी तपासून शिफारस करणं, आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या छोट्या कामांना मंजुरी देणं. म्हणजे नुसती सल्लागार म्हणून हिला सोडून देऊ नका, थोडे पैसे हिच्या सहीने हलतात.

ते तीन संस्थांचे सदस्य मात्र नगरसेवकच निवडतात. त्यामुळे त्या खुर्च्यांवर पक्षाचे कार्यकर्ते बसलेले दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

'प्रभाग' या शब्दाने फसू नका. निवडणुकीचा प्रभाग वेगळा आणि प्रभाग समितीचा भाग वेगळा. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून येतात, पण क्षेत्रीय कार्यालयं आहेत १५. एकेका कार्यालयाच्या हद्दीत दोन-चार प्रभाग येतात आणि समिती त्या सगळ्यांची मिळून असते. आपलं पत्र नेमक्या कुठल्या कार्यालयात जायला हवं ते घरपट्टीच्या बिलावरून किंवा पालिकेच्या संकेतस्थळावरून आधी नक्की करा. चुकीच्या टेबलावर पडलेलं पत्र योग्य टेबलावर पोचेपर्यंत ऋतू बदलतो.

दुसरी जागा मोहल्ला समितीची. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात नागरिक आणि अधिकारी समोरासमोर बसतात त्या बैठकीला हे नाव आहे. हिला ठराव करायचा अधिकार नाही, पण सगळ्या खात्यांचे अभियंते एका खोलीत सापडतात, आणि हा फायदा लहान नाही. मुंबईत मात्र हेच नाव वेगळ्या गोष्टीचं आहे. तिथल्या मोहल्ला समित्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर शांतता राखण्यासाठी पोलीस आणि नागरिकांनी मिळून उभ्या केल्या. मुंबईत गल्ली पातळीवर ओळखीचं नाव आहे एएलएम, म्हणजे रहिवाशांनी आपल्या रस्त्याचा कचरा आणि देखभाल पालिकेबरोबर मिळून सांभाळायची व्यवस्था. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांच्या कामातून ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उभी राहिली.

तिसरी, क्षेत्रसभा. २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात लगतच्या मतदान केंद्रांतल्या सगळ्या मतदारांची सभा. वाचायला छान आहे, बहुतेक शहरांत ती कागदाबाहेर आलेली नाही. पत्रात एक ओळ जरूर टाका की क्षेत्रसभा घ्यावी, पण तिच्यावर विसंबून राहू नका.

मार्च २०२२ मध्ये पुण्या-मुंबईच्या पालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती होता. जवळजवळ चार वर्षं प्रभाग समितीत बसायला नगरसेवकच नव्हते. आता नवे आलेत, त्यांतल्या कित्येकांना समितीचे अधिकार ठाऊकही नसतात. कलम २९ अ ची एक झेरॉक्स पिशवीत असू द्या.

गट जमवा, पण एकाच सोसायटीचा नको

आमची पहिली चूक इथेच झाली. आम्ही सात जण, सातही एकाच सोसायटीचे, पाच जण निवृत्त. पहिल्याच बैठकीत पार्किंग, भटकी कुत्री आणि भाजीवाल्यांना हटवणं असे तीन विषय निघाले. मागच्या वस्तीतल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सार्वजनिक संडासाच्या दिव्याचं सांगितलं असतं. ते आम्हाला वर्षभराने कळलं, तेही आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या तोंडून. रात्री दहानंतर तिथे अंधार असतो म्हणून त्या संध्याकाळी पाणी कमी पितात.

आठ-दहा जण पुरेत. एक दुकानदार, वस्तीतल्या दोघी-तिघी, शाळेत मुलं सोडायला जाणारं कुणी, एखादा रिक्षावाला आणि सरकारी पत्र लिहायची सवय असलेला एक निवृत्त माणूस. शेवटचा मिळाला तर जपून ठेवा. मोहल्ला बैठकीला जायला किंवा पत्र द्यायला संस्थेची नोंदणी लागत नाही. प्रभाग समितीच्या त्या तीन जागांवर दावा सांगायचा असेल तरच लागते.

फेरीवाल्यांचा विषय आला की जरा थांबा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती नेमायला सांगितली आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतात. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला उठवायचं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवण्याआधी तिला खाली बोलावून विचारा. आमच्याकडे चर्चेअंती तिची गाडी चार फूट मागे सरकली, आणि पत्र लिहावंच लागलं नाही.

गल्लीफेरी

रविवारी सकाळी सात वाजता निघा. बरोबर टेप, खडू, वही आणि मोबाइल. प्रत्येक अडचणीची जागा अशी टिपा की न पाहिलेल्या माणसालाही सापडली पाहिजे. 'मंदिराजवळचा दिवा' चालत नाही, कारण मंदिराजवळ चार दिवे असतात. विजेच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहा. फुटपाथची रुंदी मोजा. खड्ड्याच्या फोटोत टेप उघडी ठेवा आणि मागे दुकानाची पाटी येऊ द्या.

परत आल्यावर यादीचे तीन भाग करा. पहिल्यात देखभाल: बंद दिवा, तुंबलेलं चेंबर, न उचललेला कचरा. हे मोबाइल ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर द्या, बैठकीत नेऊ नका. अभियंत्याला बैठकीत बंद दिवा सांगितला की तो उत्साहाने लिहून घेतो, दुसऱ्या दिवशी लावतो, आणि तुमची वर्षभराची पुण्याई त्या दिव्यावर खर्च होते. दुसऱ्या भागात लहान कामं: जाळीची पातळी, तुटका फुटपाथ, संडासाला दिवा आणि कडी. तिसऱ्यात धोरण: एकेरी वाहतूक, आरक्षित भूखंडाचा वापर, नवा पूल. गल्लीचा सल्ला देणारा गट म्हणून तुमची खरी जागा दुसऱ्या भागात आहे. आमच्या यादीत पहिल्या वर्षी ४३ नोंदी होत्या. त्यातल्या तीन निवडल्या. भांडणं झाली, एक जण गटातून गेला, पण तीनच निवडल्या.

पत्र: एक विषय, एक पान

पहिल्या वर्षी मी साडेतीन पानांचं पत्र लिहिलं होतं, अकरा मुद्द्यांचं. त्यात भाषा जरा जास्तच छान होती. ते चार खात्यांकडे 'उचित कार्यवाहीसाठी' गेलं आणि चारही खात्यांनी ते आपलं नाही असं मानलं. अकरा मुद्दे असतील तर अकरा पत्रं द्या. नमुना असा:

'प्रति, मा. सहायक आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय. विषय: … चौकातील पावसाळी जाळीची पातळी खाली घेणेबाबत. महोदय, सदर जाळी लगतच्या रस्त्यापेक्षा ५ सेंमी उंच असल्याने पाणी वाहिनीत जात नाही. फोटो व मोजमाप जोडले आहे. तरी (१) कनिष्ठ अभियंत्यांमार्फत संयुक्त पाहणी करावी, (२) कामाचे पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट) तयार करावे, (३) सदर विषय प्रभाग समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.'

मागणी अशी लिहा की तिला 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच उत्तर देता येईल. 'योग्य ती उपाययोजना करावी' असं लिहिलंत की योग्य काय ते तेच ठरवणार. पत्राची एक प्रत नगरसेवकांना द्या. चार नगरसेवकांचा प्रभाग असेल तर चौघांनाही एकाच दिवशी द्या. एकालाच दिलीत तर उरलेल्या तिघांच्या दृष्टीने तुम्ही त्याची माणसं झालात.

आणि पोच. आवक-जावक टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय जिना उतरू नका. 'ठेवून जा, साहेबांना देतो' असं कुणी म्हटलं तर हसून तिथेच उभं राहायचं. व्हॉट्सॲपवर साहेबांनी अंगठा दाखवला म्हणजे पोच मिळाली असं नव्हे.

बैठक

बैठकीच्या आधी आठवडाभरात कनिष्ठ अभियंत्याला भेटा. गावाला तलाठी तसा वॉर्डात हा जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर. कागद तिथून सुरू होतो आणि तिथेच अडतो. त्याला बैठकीत सर्वांसमोर खिंडीत पकडण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. त्या दिवशी टाळ्या मिळाल्या आणि एस्टिमेट चार महिने लांबलं. त्याला आधीच जागेवर न्या, नळी धरून दाखवा. आमच्या जेईंनी जाळी पाहून कपाळाला हात लावला. ते काम त्यांच्या आधीच्या माणसाच्या वेळचं होतं, त्यामुळे त्यांना मान्य करणं सोपं गेलं.

बैठकीत दोन मिनिटं बोला. काय आहे, कुठे आहे, काय हवं. इतिहास नको. अधिकारी 'बघून घेतो' म्हणाले की विचारा, 'साहेब, कुठल्या महिन्यापर्यंत?' महिना सांगितला की लगेच, 'मग इतिवृत्तात तसं लिहून घ्या.' माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत कामाचं वाक्य हेच आहे. इतिवृत्त म्हणजे बैठकीची नोंदवही. त्यात जे नाही ते बैठकीत बोललंच गेलं नाही असं पालिकेत धरलं जातं. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या इतिवृत्ताने होते, त्यामुळे तुमचा विषय आपोआप पुन्हा टेबलावर येतो. आठ दिवसांनी जाऊन इतिवृत्ताची प्रत मागा. 'चर्चा झाली' आणि 'ठरले' या दोन शब्दांत फरक आहे. आपल्याला 'ठरले' हवं.

यावरून न्यूयॉर्कची गोष्ट सांगते. तिथे ५९ कम्युनिटी बोर्डं आहेत, प्रत्येकात बिनपगारी ५० पर्यंत सदस्य. त्यांचं मत पालिकेवर बंधनकारक नाही. तरी बिल्डर त्यांच्यासमोर नकाशे घेऊन येतात, कारण जमिनीच्या वापरातले मोठे बदल मंजुरीला जाताना बोर्डाला ६० दिवस द्यावे लागतात आणि हा टप्पा कायद्याने ठरलेला आहे. आपल्याकडे गल्लीच्या मताला फाइलमध्ये अशी ठरलेली जागा नाही. ती दर वेळी आपणच शिक्क्याने आणि इतिवृत्ताने तयार करायची.

अंदाजपत्रकाचं कॅलेंडर

मार्चमध्ये मागणी घेऊन गेलेला माणूस वर्षभर उशिरा गेलेला असतो. पालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्याचं अंदाजपत्रक आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे ठेवतात. खात्यांच्या याद्या त्याच्याही आधी, दिवाळीच्या आगेमागे बनतात. म्हणजे गल्लीफेरी जूनमध्ये, पाणी साचतं तेव्हाच, पत्रं जुलैत, बैठक ऑगस्टमध्ये, आणि गणपती संपेपर्यंत एस्टिमेट तयार. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे. अर्ज साधारण पावसाळ्याच्या अखेरीस क्षेत्रीय कार्यालयात घेतात. फुटपाथ, दिवे, बसथांबे, संडास अशी लहान कामं त्यात बसतात. एकाच कामासाठी पन्नास जणांनी पन्नास अर्ज भरण्यापेक्षा एस्टिमेट आधी तयार असलेलं एक काम चांगलं, कारण छाननीत पहिला प्रश्न असतो, खर्च किती?

दुसरा मार्ग नगरसेवकांच्या प्रभागासाठी असलेल्या पैशांचा. पुण्यात त्याला 'स' यादी म्हणतात. बाकडी, कापडी पिशव्या आणि नावांच्या कमानी यांतूनच येतात, हे शहराला पाठ आहे. तरीही नाक मुरडू नका. आमच्या संडासाचा दिवा अशाच पैशांतून लागला. खाली नगरसेवकांच्या नावाची पाटी दिव्यापेक्षा मोठी आहे, असू दे.

तरतूद झाली म्हणून सुटलात असं समजू नका. 'वर्गीकरण' हा शब्द शिका. एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मधे दुसऱ्या कामाकडे वळवतात त्याला हे नाव. ऑक्टोबर आणि जानेवारीत एकेकदा विचारून या, आपले पैसे जागेवर आहेत का.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या लेखी आदेशाची, प्रत मागा. नाही दिली तर माहितीचा अधिकार. जोडपत्र अ चा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही शब्दमर्यादा आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. 'काम का झालं नाही' असं विचारू नका, कारण कायदा माहिती द्यायला सांगतो, खुलासा नाही. मागायचे ते कागद: पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं. याच कायद्यात कामाची आणि नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करायचा, साहित्याचे नमुने घ्यायचाही हक्क आहे, तो फार थोडे लोक वापरतात. उत्तर नाही आलं तर जोडपत्र ब, २० रुपये, पहिलं अपील.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, ही खरी वाचायची गोष्ट. ठेकेदाराचं बिल तिच्यावरून निघतं. एमबीत लिहिलेली लांबी-रुंदी टेपने जागेवर मोजून पाहा. आमच्या कामात फुटपाथचे पेव्हर ब्लॉक कागदावर १८ मीटर होते आणि जमिनीवर १५. पत्र दिलं, पोच घेतली, दहा दिवसांत उरलेले तीन मीटर आले. कुणावर कारवाई वगैरे झाली नाही, आम्ही मागितलीही नाही.

मोठे विषय आले तर

विकास आराखडा, रस्तारुंदी, आरक्षण बदलणं यांना १९६६ च्या नगररचना कायद्याखाली हरकती-सूचनांची मुदत असते. इथे प्रभाग समितीचा ठराव असला तर जोर येतो, पण प्रत्येकाने स्वतःची हरकत वेगळी दाखल करावी लागते आणि सुनावणीला जावं लागतं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ मधल्या आराखड्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. छापील मजकुरावर नुसती सही केलेल्या हरकतींपेक्षा आपल्या सर्व्हे नंबरवर नेमकं बोट ठेवणारी हरकत सुनावणीत टिकते. पक्षांचे लोक छापील अर्ज वाटत येतील. सही करा, हरकत नाही, पण आपला वेगळा अर्जही द्या.

गट टिकवायचा तर निवडणुकीच्या आधीचे सहा महिने सांभाळा. कुणीतरी तुमच्यातल्या एकाला तिकिटाची आशा दाखवतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्षाचे फोटो येऊ लागतात. आम्ही एक नियम केला: उमेदवारी मागणाऱ्याने गटातून बाहेर पडायचं, हरला तरी दोन वर्षं परत यायचं नाही. एक जण गेला. आता तो रोज सकाळी भेटला की जाळीचं विचारतो.

जाळी मे महिन्यात खाली घेतली. काम चालू असताना मी आणि दुकानदार काका दोघं नळी धरून उभे होतो, ठेकेदाराचा मुकादम वैतागला होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी चौकात थोडं घुटमळलं आणि जाळीकडे वळलं. कार्यादेशात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत काम खचलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, आणि तिच्या एक महिना आधीच्या रविवारी 'नळी आणणे' असंही.